आधी मास्ट मोजा, मग ट्रान्समीटर मागवा

प्रति,
मध्यम लहरींवरची (मीडियम वेव्ह, म्हणजे एएम) केंद्रे डिजिटल करायला निघालेल्या प्रसारण संस्थांचे संचालक, प्रकल्प अभियंते आणि खरेदी समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

डिजिटलीकरणाच्या प्रकल्प अहवालांत एक ओळ हमखास भेटते: ‘सध्याची अँटेना यंत्रणा तशीच वापरली जाईल.’ ट्रान्समीटरवर पानेच्या पाने खर्ची पडतात. एक्सायटर, एन्कोडर, स्टुडिओपासूनची जोडणी, वातानुकूलन या सगळ्यांचे तक्ते जोडलेले असतात. ज्या यंत्रणेतून अखेर सगळी शक्ती हवेत जाणार, तिच्या वाट्याला मात्र ही एवढीच ओळ येते. माझे पत्र त्या ओळीबद्दल आहे. ती खरी ठरू शकते, बऱ्याच केंद्रांवर ठरतेही. पण मोजमाप केल्याशिवाय ती लिहू नका, एवढी माझी विनंती आहे. ही विनंती मी आग्रहाने का करतो आहे ते पुढे सांगतो.

मध्यम लहरींचे मोल मी आपल्याला सांगायला नको. एकाच मास्टवरून, म्हणजे अँटेना म्हणून उभ्या केलेल्या मनोऱ्यावरून, निघालेली भूलहर (जमिनीलगत जाणारी लहर) डोंगर-दऱ्या ओलांडून मोठा प्रदेश व्यापते. मोबाइलचे जाळे कोसळते तेव्हाही ती पोहोचते, आणि ऐकणाऱ्याला त्यासाठी वर्गणी भरावी लागत नाही. डिजिटल रूपात हाच पट्टा स्वच्छ आवाज देऊ शकतो, सोबत मजकूर आणि आपत्तीच्या सूचनाही पाठवू शकतो. डीआरएम (डिजिटल रेडिओ मोंडियाल) या डिजिटल रेडिओ प्रणालीचे नियमित प्रसारण २००३ पासून सुरू आहे. अमेरिकेत एचडी रेडिओ या दुसऱ्या डिजिटल प्रणालीची संकर पद्धत, म्हणजे जुन्या अॅनालॉग सिग्नलच्या आजूबाजूला आणि खाली डिजिटल वाहक (माहिती वाहून नेणाऱ्या लहरी) बसवण्याची पद्धत, आधी दिवसा आणि २००७ पासून रात्रीही चालवण्याची मुभा मिळाली. २०१८ मध्ये मेरीलँडमधल्या फ्रेडरिक इथल्या डब्ल्यूडब्ल्यूएफडी या केंद्राने ८२० किलोहर्ट्झवर प्रायोगिक परवान्याखाली अॅनालॉग पूर्ण बंद करून निव्वळ डिजिटल प्रसारण सुरू केले. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या नियामकाने इतर केंद्रांनाही स्वेच्छेने तसे करण्याची परवानगी दिली. तंत्र सिद्ध झालेले आहे. प्रश्न आपल्या मास्टचा आहे.

हा मास्ट मुळात एकाच वारंवारितेसाठी बांधलेला असतो. पाव तरंगलांबीची उंची ६०० किलोहर्ट्झला १२५ मीटर होते, तर १५०० किलोहर्ट्झला ५० मीटर. पायथ्याच्या ट्युनिंग हटमधले (जुळणीच्या खोलीतले) कॉइल आणि कपॅसिटर त्या एका बिंदूवर मास्टचा इंपीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा एकूण विरोध, फीडरच्या (ट्रान्समीटरपासून मास्टपर्यंतच्या केबलच्या) ५० ओहमशी जुळवून देतात. त्या बिंदूपासून दोन्ही बाजूंना सरकले की जुळणी बिघडत जाते, आणि पट्ट्याच्या खालच्या टोकाला ती जास्त वेगाने बिघडते. संकर पद्धतीत सिग्नल वाहकाच्या दोन्ही बाजूंना सुमारे १५ किलोहर्ट्झपर्यंत पसरतो, म्हणजे एकूण रुंदी ३० किलोहर्ट्झ. १६०० किलोहर्ट्झवर ती दोन टक्क्यांहून कमी भरते, ५४० वर साडेपाच टक्के. ट्रान्समीटर तोच, प्रणाली तीच, पण अँटेनाकडून अपेक्षा जवळजवळ तिप्पट. एका केंद्रावर यशस्वी झालेला आराखडा दुसऱ्यावर जसाच्या तसा उचलू नये, याचे पहिले कारण हेच.

अॅनालॉगने आपल्याला लाडावून ठेवले. कडेच्या साइडबँडमध्ये, म्हणजे वाहकाच्या दोन्ही बाजूंच्या वारंवारितांमध्ये, आवाजातले उंच स्वर असतात, आणि बहुतेक घरगुती रिसीव्हर ते स्वर मुळातच गाळून टाकतात. त्यामुळे अरुंद मास्टने ते खाल्ले तरी तक्रार कुणाकडून येणार? वर्षानुवर्षे एकाच आकड्याकडे बघायची सवय लागली: वाहक वारंवारितेवर परावर्तित (अँटेनाकडून परत येणारी) शक्ती शून्याजवळ आहे ना, मग सगळे ठीक. डिजिटल सिग्नलमध्ये मधला आणि कडेचा असा मानाचा फरक नसतो. कडेच्या वाहकावरही तितकीच मोलाची माहिती असते. शिवाय अॅनालॉग खराब होत होत ऐकू येत राहतो, डिजिटल एका मर्यादेपर्यंत निर्दोष चालतो आणि मग एकदम गप्प होतो. अँटेनामुळे गेलेला एखादा डेसिबल केंद्राजवळ जाणवतच नाही. तो जाणवतो प्रसारणक्षेत्राच्या कडेवरच्या गावांत, म्हणजे जिथे या सेवेची गरज सर्वांत जास्त असते तिथे.

यावर एक उत्तर मला अनेकदा ऐकावे लागते, आणि ते देणारे जाणकार असतात म्हणून त्याचा नीट विचार करू या. ते म्हणतात, डिजिटल सिग्नल शेकडो छोट्या वाहकांवर वाटलेला असतो, रिसीव्हर संदर्भ वाहक पाहून प्रत्येकाची उंची आणि कला (फेज) सुधारून घेतो, मग अँटेनाने थोडा उतार आणला तर बिघडले काय? हे अर्धे बरोबर आहे. अँटेना म्हणजे ट्रान्समीटरच्या पुढे बसवलेली एक साधी चाळणी असती आणि ट्रान्समीटरला तिची खबरच नसती, तर रिसीव्हरने ते सगळे निस्तरले असते. पण अँटेना हा ट्रान्समीटरचा भार आहे. आधुनिक एएम ट्रान्समीटर डिजिटल सिग्नलचे दोन भाग करतो: आवरण, म्हणजे क्षणोक्षणीची उंची, मॉड्युलेटरच्या वाटेने जाते आणि कला रेडिओ वारंवारितेच्या वाटेने. दोन्ही भाग अंतिम अॅम्प्लिफायरमध्ये पुन्हा एकत्र येतात, आणि ते नेमक्या क्षणी, नेमक्या प्रमाणात यावे लागतात. अॅम्प्लिफायरला दिसणारा भार वाहकाच्या वर एक आणि खाली दुसरा असला, तर आवरणातला बदल कलेत झिरपतो आणि कलेतला आवरणात. तिथून जन्मणाऱ्या नव्या वारंवारिता मूळ सिग्नलमध्ये नव्हत्याच. त्या आपल्या चॅनेलबाहेर शेजाऱ्याच्या अंगणात पडतात, स्पेक्ट्रमला दोन्ही बाजूंना खांदे फुटतात, आणि हे नुकसान कुठलाही रिसीव्हर भरून काढू शकत नाही. ट्रान्समीटर स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती कमी करतो किंवा ट्रिप होतो, तो भाग वेगळाच.

म्हणून अभियंते ज्या गुणाची मागणी करतात त्याला हर्मिशियन सममिती म्हणतात. नाव जड असले तरी अर्थ सोपा आहे. वाहकाच्या वर आणि खाली सारख्याच अंतरावर रेझिस्टन्स (इंपीडन्सचा शक्ती शोषणारा भाग) सारखा असावा, आणि रिअॅक्टन्सचा (शक्ती साठवून परत देणाऱ्या भागाचा) आकडा सारखा पण चिन्ह उलटे असावे. एक हिशेब मांडतो, त्यात पहिला आकडा रेझिस्टन्सचा आणि ‘जे’नंतरचा रिअॅक्टन्सचा. वाहकावर भार बरोबर ५० ओहम आहे. १५ किलोहर्ट्झ वर तो ५६ अधिक जे ९ आहे आणि तितकेच खाली ५६ उणे जे ९. व्हीएसडब्ल्यूआर, म्हणजे जुळणी किती बिघडली ते सांगणारे गुणोत्तर (निर्दोष जुळणीला १), दोन्हीकडे सुमारे १.२३. आता दुसरा भार घ्या: वर ५८ उणे जे ७, खाली ४२ उणे जे ५. व्हीएसडब्ल्यूआर इथेही दोन्हीकडे १.२२ ते १.२३. स्वीकृती अहवालात फक्त व्हीएसडब्ल्यूआरचा रकाना असेल तर ही दोन केंद्रे जुळी दिसतील. प्रत्यक्षात पहिला भार डिजिटलसाठी उत्तम आहे आणि दुसरा वाईट. त्याच्या एका बाजूचा रेझिस्टन्स दुसऱ्या बाजूपेक्षा १६ ओहमने जास्त आहे आणि रिअॅक्टन्सचे चिन्ह दोन्हीकडे एकच.

आता यातली चांगली बातमी सांगतो, कारण ती समित्यांपर्यंत क्वचित पोहोचते. हे दोन भार म्हणजे दोन वेगळे मास्ट असतीलच असे नाही. मास्ट एकच, फक्त वाटेतल्या कलांतरात (फेज शिफ्टमध्ये) ४५ अंशांचा फरक. स्मिथ चार्टवर, म्हणजे इंपीडन्स मांडायच्या वर्तुळाकार आलेखावर, भाराची वाकलेली रेषा फीडरच्या लांबीप्रमाणे केंद्राभोवती फिरते, आणि ४५ अंशांचे कलांतर तिला ९० अंशांनी फिरवते. म्हणजे ट्रान्समीटर आणि फीडर यांच्यामध्ये ४५ अंशांचे एक टी-नेटवर्क बसवले की दुसऱ्या भाराची सममिती परत येते. ५० ओहमसाठी त्याच्या दोन्ही आडव्या भुजांचा रिअॅक्टन्स सुमारे २०.७ ओहम आणि उभ्या भुजेचा ७०.७ ओहम लागतो. दोन कॉइल आणि एक कपॅसिटर, किंवा त्याच्या उलट. नव्या ट्रान्समीटरच्या तुलनेत हे काम किरकोळ आहे. पण ते करता येण्यासाठी दोन गोष्टी हातात असाव्या लागतात. एक म्हणजे केंद्रावर प्रत्यक्ष घेतलेली मोजणी. दुसरी म्हणजे ट्रान्समीटरच्या स्वतःच्या आउटपुट नेटवर्कमध्ये किती कलांतर आहे आणि त्याच्या अॅम्प्लिफायरला रेषा कोणत्या दिशेला उघडलेली हवी आहे, ही निर्मात्याकडून लेखी मिळालेली माहिती. सममिती अॅम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरांपाशी हवी असते. कपाटामागच्या कनेक्टरपाशी ती दिसली म्हणून काम झाले असे नाही. निविदेत ही माहिती मागितली नाही, तर करार झाल्यावर ती मिळवताना फार वेळ जातो.

संकर पद्धत निवडणाऱ्यांनी इथे जास्त काटेकोर राहावे. त्या पद्धतीत काही डिजिटल वाहक थेट अॅनालॉग आवाजाच्या खाली, त्याच्याशी काटकोनी कलेत बसवलेले असतात. भार सममित असेल तोवर साध्या रिसीव्हरला ते ऐकू येत नाहीत. सममिती ढळली की काटकोन मोडतो आणि जुन्या रेडिओवर सतत खरखर ऐकू येते. ज्या श्रोत्यांकडे डिजिटल संच नाही, त्यांना डिजिटलीकरणाचा पहिला अनुभव असा मिळू नये.

निव्वळ डिजिटलमध्ये हा एक प्रश्न उरत नाही आणि सिग्नलही आटोपशीर होतो. एचडीची पूर्ण डिजिटल पद्धत वाहकाच्या दोन्ही बाजूंना सुमारे १० किलोहर्ट्झमध्ये मावते. डीआरएम ९ किंवा १० किलोहर्ट्झच्या एका चॅनेलमध्ये बसतो, आणि दुप्पट रुंदीचा पर्यायही त्यात आहे. डीआरएमचे वाहक दोन्ही बाजूंना स्वतंत्र असतात. पण बऱ्याच संस्था सुरुवातीला एकाच ट्रान्समीटरवरून अॅनालॉग आणि शेजारच्या चॅनेलवर डीआरएम असे जोडीने चालवतात. तेव्हा सिग्नल एका बाजूला ५ किलोहर्ट्झपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला १५ किलोहर्ट्झपर्यंत जातो. जुनी जुळणी अॅनालॉग वाहकावर केंद्रित असते, त्यामुळे डीआरएमची लांबची कड थेट बिघडलेल्या भागात जाऊन पडते. म्हणून प्रणाली आणि तिची पद्धत आधी ठरवा. मास्टची मोजणी नेमक्या कोणत्या रुंदीसाठी करायची ते त्यावर अवलंबून आहे.

आता अवघड केंद्रांकडे येतो.

पाव तरंगलांबीपेक्षा बऱ्याच ठेंगण्या मास्टचा रेझिस्टन्स काही ओहमच असतो आणि रिअॅक्टन्स शेकडो ओहम. त्याला जुळवणारी मोठी कॉइलच बँडविड्थ (जुळणी टिकते ती रुंदी) गिळते. अशा ठिकाणी ट्युनिंग हटमध्ये कितीही हुशारी केली तरी मर्यादा राहते, कारण अडचण मास्टच्या देहातच असते. माथ्यावर कपॅसिटिव्ह छत्री बसवणे, किंवा मास्टभोवती तारांची स्कर्ट बांधून त्याची विद्युत जाडी वाढवणे आणि तिच्यातून शक्ती देणे, हे जुने आणि भरवशाचे उपाय आहेत. एकाच मास्टवर दोन केंद्रे चालत असतील तर एकमेकांची वारंवारिता अडवणाऱ्या फिल्टरांचा उतार बँडविड्थ खातो, आणि दोन वारंवारिता जितक्या जवळ तितका तो उतार तीव्र. तिथे फिल्टरांची रचना पुन्हा मांडावी लागते. मास्टवर एफएम किंवा मोबाइल कंपन्यांचे अँटेना चढवलेले असतील, तर त्यांच्या केबलच्या विलगीकरणाचाही परिणाम मोजणीत दिसतो.

सर्वांत जास्त काळजी मात्र दिशात्मक अँटेना असलेल्या केंद्रांची घ्यावी लागेल. तिथे दोन, तीन किंवा अधिक मास्टमधल्या प्रवाहांचे प्रमाण आणि कला बांधून विशिष्ट दिशेला शक्ती दाबलेली असते, जेणेकरून दूरच्या केंद्राला त्रास होऊ नये. हे गणित वाहकापाशी अचूक जुळते. साइडबँडकडे सरकताच प्रत्येक मास्टचा प्रवाह थोडा वेगळा वागतो, त्यामुळे दाबलेल्या दिशेला वरच्या आणि खालच्या बाजूची ताकद असमान होते. मुख्य दिशेत सगळे उत्तम चालू असताना दाबलेल्या दिशेच्या कडेला राहणाऱ्यांना डिजिटल सिग्नल मिळत नाही, आणि केंद्रावरच्या मीटरांवर याचा मागमूसही नसतो. भरीला एखादा मास्ट शक्ती घेण्याऐवजी परत देत असेल, किंवा त्याचा रेझिस्टन्स शून्याजवळ असेल, तर सगळ्या यंत्रणेची रुंदी त्या एका मास्टच्या हातात जाते. फेझर, म्हणजे मास्टांना शक्ती आणि कला वाटून देणारे नेटवर्क, बांधला गेला तेव्हा बहुधा भाग कमीत कमी लागावेत हा विचार होता, बँडविड्थचा नव्हता. आता मास्टचे संगणकीय प्रतिमान करता येते. अमेरिकी नियामक २००८ मध्ये ठरवलेल्या नियमांनुसार दिशात्मक अँटेनाचे प्रमाणीकरणही बऱ्याच प्रकरणांत अशा प्रतिमानावर स्वीकारतो. एकदा प्रतिमान प्रत्यक्ष मोजणीशी जुळले की फेझरच्या वेगवेगळ्या रचना कागदावर पडताळता येतात, आणि कित्येकदा मास्टला हात न लावता फक्त नेटवर्कची कलांतरे बदलून रुंदी वाढते. या कामाला माणूस लागतो आणि वेळ लागतो. दोन्ही अंदाजपत्रकात धरा.

कपॅसिटर आणि इन्सुलेटर जळतील या भीतीने काही ठिकाणी सगळी ट्युनिंग हट भंगारात काढायचे घाटते. त्याची घाई करू नये. अॅनालॉगमध्ये शंभर टक्के मॉड्युलेशनला शिखरशक्ती वाहकाच्या चौपट जाते, आणि धन शिखर १२५ टक्क्यांपर्यंत नेले तर पाचपटीहून थोडी जास्त. डिजिटल सिग्नलचे शिखर सरासरीपेक्षा १० डेसिबलच्या आसपास, म्हणजे दहापट उंच असते, म्हणून त्याच ट्रान्समीटरवर सरासरी शक्ती मुळातच कमी ठेवावी लागते. शिखर तेवढेच ठेवले तर भागांवरचा सर्वोच्च व्होल्टेज फारसा बदलत नाही आणि उष्णता बहुधा घटते. मात्र शक्ती वाढवून मागायची असेल, किंवा भाग आधीच दमलेले असतील, तर प्रत्येक कपॅसिटरचे व्होल्टेज मानांकन शिखराच्या हिशेबाने तपासायलाच हवे. ही शिखरे संगीताबरोबर येत-जात नाहीत, चोवीस तास पडत राहतात.

आणि जमीन. मास्टभोवती पुरलेल्या तांब्याच्या तारा हा अँटेनाचा अर्धा भाग आहे. ब्राऊन, लुईस आणि एप्स्टाइन यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनंतर पाव तरंगलांबीच्या सुमारे १२० तारांची पद्धत रूढ झाली. कित्येक केंद्रांवर त्यातल्या अनेक तारा कुजल्या आहेत, चोरीला गेल्या आहेत किंवा नांगराखाली तुटल्या आहेत. इथे एक फसवी गोष्ट घडते. खराब जमिनीमुळे वाढलेला रेझिस्टन्स बँडविड्थ रुंद करून दाखवतो, मोजणी सुरेख येते आणि शक्ती मात्र मातीत जिरत असते. म्हणून इंपीडन्सच्या मोजणीबरोबर क्षेत्रबळाची, म्हणजे दूरवर पोहोचणाऱ्या सिग्नलच्या ताकदीची, मोजणीही घ्या, आणि दोन्ही जमीन कोरडी असताना आणि ओली असताना अशा दोनदा घ्या.

आता आपल्याकडून काय हवे ते स्पष्ट सांगतो. ट्रान्समीटरची निविदा काढण्यापूर्वी प्रत्येक केंद्रावर नेटवर्क अॅनालायझरने वाहकाच्या दोन्ही बाजूंना किमान ३० किलोहर्ट्झपर्यंत मोजणी करा. दिशात्मक केंद्रावर ती सगळे मास्ट प्रत्यक्ष जोडणीत असताना, फेझरच्या सामाईक बिंदूवर घ्या, आणि दिवसाची व रात्रीची मांडणी वेगळी असेल तर दोन्हींची घ्या. यासाठी प्रसारण काही तास बंद ठेवावे लागेल. ती परवानगी अभियंत्याला मागत फिरायला लावू नका, आपणच आदेश काढून द्या. आलेल्या आकड्यांवरून केंद्रांची विभागणी करा: जशी आहेत तशी चालतील अशी, एका नेटवर्कने सुधारतील अशी, आणि मास्टलाच हात लावावा लागेल अशी. पहिल्या गटापासून सुरुवात करा. त्यांचे यश दाखवून तिसऱ्या गटासाठी निधी मागणे सोपे जाईल.

स्वीकृती चाचणी डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी जोडलेल्या कृत्रिम भारावर, संपवू नका. डमी लोड कुठल्याही वारंवारितेला ५० ओहमच दाखवतो, तिथे प्रत्येक ट्रान्समीटर उत्तीर्ण होतो. करारात लिहून घ्या की स्पेक्ट्रमची मर्यादा आणि मॉड्युलेशनच्या चुकीचे प्रमाण प्रत्यक्ष अँटेनावर, पूर्ण शक्तीला तपासले जाईल. स्पेक्ट्रम तर केंद्रापासून दूर, मोकळ्या जागी, लूप अँटेनाने आणि एकाहून अधिक दिशांना तपासायला हवा. पुरवठादार म्हणेल, अँटेना तुमची, जबाबदारी तुमची. त्याचे म्हणणे रास्त आहे, आणि म्हणूनच अँटेनाची मोजणी निविदेला जोडून द्यायची. मग हा भार पाहूनच त्याने किंमत आणि हमी दिली आहे, हे दोघांनाही मान्य असेल.

शेवटची विनंती कागदांबद्दल आहे. प्रत्येक केंद्राच्या ट्युनिंग हटमध्ये कॉइलचे टॅप (जोडणीचे बिंदू) कुठे आहेत, ते कधी आणि का हलवले, पूर्वी किती आकडे येत होते, हे माहीत असलेली माणसे निवृत्त होत आहेत. ती नोकरीत आहेत तोवर त्यांना नव्या अभियंत्यांबरोबर केंद्रावर पाठवा, टॅपची छायाचित्रे आणि मोजणीच्या नोंदी एकत्र करून घ्या, आणि मोजणीचे सगळे तक्ते, चांगले आणि वाईट दोन्ही, इतर प्रसारण संस्थांसाठी खुले करा. एका संस्थेने ५४० किलोहर्ट्झवरच्या ठेंगण्या मास्टचा प्रश्न कसा सोडवला, हे दुसरीला शून्यापासून शोधत बसावे लागू नये. अशा तक्त्यांसाठी कोणता नमुना सोयीचा पडेल, कोणते रकाने हवेत, यावर आपल्या अभियंत्यांबरोबर बसून काम करायला मी तयार आहे.

आपला,
मध्यम लहरींच्या मास्टांवर काम केलेला एक प्रसारण अभियंता